डोंगल लागतो, नेट मात्र लागत नाही

वाचकांचे प्रश्न : लिनक्स आणि मोबाईल ब्रॉडबँड

या वेळच्या पत्रांत खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी इकडची पत्रे जास्त आहेत, आणि बहुतेकांची तक्रार एकच आहे. संगणकावर लिनक्सचे उबंटू, मिंट किंवा डेबियन टाकले, यूएसबी डोंगल लावला, नेट सुरू होईना. तर ड्रायव्हर कुठून आणायचा? उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकतो. जवळपास सगळ्या डोंगलांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आधीपासूनच असतात. घोडे अडलेले असते ते दुसरीकडेच. ते कुठे अडले हे शोधायला एक ठरलेला क्रम आहे: डोंगल यूएसबीवर दिसतो का, त्याने मोडेमचे रूप घेतले का, ड्रायव्हर जोडला गेला का, सिम वाचले गेले का, टॉवरवर नोंद झाली का, डेटा सुरू झाला का, आणि शेवटी वेबसाइटची नावे उलगडतात का. हा क्रम सोडून अधेमधे हात घातला की चालू असलेलेही बंद पडते.

छपाईबद्दल एक सूचना. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा. मोठे अक्षर हवे तिथे तसे सांगितले आहे. ‘एमएमसीएलआय’ म्हणजे एम, एम, सी, एल, आय ही पाच अक्षरे सलग. आडव्या रेघा, टिंबे आणि मोकळ्या जागा छापल्या आहेत तशाच ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे केबलचे नेट पोचलेले नाही. हुआवेचा फोरजी डोंगल आहे. लिनक्स मिंटवर लावला की सीडीचे चित्र येते आणि आत विंडोजचे सॉफ्टवेअर दिसते. त्यातच ‘लिनक्स’ नावाचा फोल्डर आहे, तो चालवला तर चुकाच चुका येतात. मोडेम कुठेच दिसत नाही. काय करावे? (जांबोटी, ता. खानापूर)

उत्तर : तो फोल्डर पुन्हा उघडूही नका. असे इन्स्टॉलर फार जुन्या कर्नलसाठी लिहिलेले असतात. आजच्या व्यवस्थेवर ते चालत तर नाहीतच, शिवाय अर्धवट चालून सेटिंगच्या फायली बदलून ठेवतात, आणि मग खरा दोष शोधणे अवघड होते.

तुमच्या डोंगलला दोन रूपे आहेत. लावल्याबरोबर तो स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतो, म्हणजे विंडोजवाल्याला सोबतचे सॉफ्टवेअर आपोआप मिळावे. ते बसले की संगणक त्याला एक ठरावीक संदेश पाठवतो आणि मग तो सीडीचे रूप टाकून मोडेम होतो. लिनक्सवर हा संदेश पाठवण्याचे काम ‘यूएसबी_मोडस्विच’ करतो. तुमच्याकडे तो संदेश गेलेलाच नाही.

आधी टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ द्या. प्रत्येक ओळीत अपूर्णविरामाने जोडलेले दोन क्रमांक दिसतील. पहिला उत्पादकाचा, दुसरा वस्तूचा. हुआवेचा उत्पादक क्रमांक १२डी१, झेडटीईचा १९डी२. दुसरा क्रमांक रूपाप्रमाणे बदलतो, आणि निदानासाठी तोच कामाचा. हुआवे ई३३७२ सीडीच्या रूपात १४एफई किंवा १एफ०१ दाखवतो. १४एफईचा मोडेम झाला की १५०६ दिसते. १एफ०१चा झाला की १४डीसी. जुना ई१७३ सीडीच्या रूपात १४४६ असतो. तुमच्या यादीत सीडीचाच क्रमांक असेल, तर कर्नलला किंवा ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांची पाळी अजून आलेलीच नाही.

आता ‘यूएसबी-मोडस्विच’ आणि ‘यूएसबी-मोडस्विच-डेटा’ ही दोन पॅकेजे बसलेली आहेत का पाहा. दुसऱ्यात शेकडो डोंगलांची माहिती असते. ते नसेल तर पहिले नुसते असून भागत नाही. पॅकेज आणायला नेट हवे आणि नेटसाठी पॅकेज हवे, ही कोंडी अँड्रॉइड फोनने सुटते. फोन यूएसबी केबलने जोडा आणि सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्स त्याला तारेचे नेटवर्क समजते आणि वेगळे काहीही न बसवता नेट सुरू होते. फोन नुसता चार्ज होत राहिला तर केबल बदला. स्वस्त केबलींत कित्येकदा डेटाच्या तारा नसतातच. नेट आले की ‘सुडो एपीटी इन्स्टॉल यूएसबी-मोडस्विच यूएसबी-मोडस्विच-डेटा मोडेममॅनेजर’ द्या, डोंगल काढून पुन्हा लावा आणि अर्धा मिनिट हात लावू नका. रूप बदलायला काही सेकंद जातात. त्यानंतर मोडेममॅनेजर, म्हणजे मोडेम सांभाळणारा प्रोग्राम, एकेक पोर्ट तपासतो, त्यालाही वेळ लागतो. दहा सेकंदांत कंटाळून डोंगल उपटला की सगळे पहिल्यापासून सुरू होते.

तरीही सीडीच दिसली तर संदेश हाताने पाठवा: ‘सुडो यूएसबी_मोडस्विच -व्ही १२डी१ -पी १४एफई -जे’. इथे जे मोठे. हुआवेच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांना मोठ्या जेऐवजी मोठा एच लागतो. तेही जमले नाही तर ‘इजेक्ट /डेव्ह/एसआर०’ करून पाहा. कित्येक डोंगल सीडी ‘बाहेर काढली’ की स्वतःहून मोडेम होतात. मात्र लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर एसआर० हा तो ड्राइव्ह असतो आणि डोंगल एसआर१ होतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा: लॅपटॉप झोपवून उठवला की काही डोंगल पुन्हा सीडी होऊन बसतात. अशा वेळी काढून लावणे हाच सर्वांत जलद उपाय.

प्रश्न : डोंगलचे रूप बदलले, पण ‘एलएसयूएसबी -टी’ मध्ये ड्रायव्हरच्या जागी काहीच नाही. इंटरनेटवर वाचून ‘यूएसबीसिरियल’ला दोन्ही क्रमांक देऊन जोडले. नेट लागले, पण फारच हळू चालते. (हुक्केरी)

उत्तर : हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि तो सोडून द्यायला हवा. ‘यूएसबीसिरियल’चा सर्वसाधारण ड्रायव्हर चाचणीपुरता आहे, तो जोडला की कर्नल स्वतः तसा इशारा नोंदवहीत लिहितो. जलद डेटा वाहून नेण्याची सोयच त्यात नाही. क्रमिक (सिरियल) पोर्ट असलेल्या मोडेमांसाठी खरा ड्रायव्हर ‘ऑप्शन’ नावाचा आहे.

जुनी जोडणी रद्द करा, म्हणजे कुठल्या फायलीत ती ओळ घातली असेल ती काढून संगणक पुन्हा चालू करा. मग ‘सुडो मॉडप्रोब ऑप्शन’. त्यानंतर ‘इको’ पुढे अवतरणचिन्हांत दोन्ही क्रमांक, मध्ये अपूर्णविराम न देता एक मोकळी जागा. पुढे उभी रेघ आणि ‘सुडो टी /सिस/बस/यूएसबी-सिरियल/ड्रायव्हर्स/ऑप्शन१/न्यू_आयडी’. इथे ‘टी’ म्हणजे टी, ई, ई ही तीन अक्षरे, ‘सिस’ म्हणजे एस, वाय, एस आणि ‘आयडी’ म्हणजे आय, डी. लगेच ‘/डेव्ह’मध्ये टीटीवाययूएसबी०, १, २ असे पोर्ट उगवायला हवेत, त्यांच्या नावात टीटीवाय लहान आणि यूएसबी मोठ्या अक्षरांत असते.

यात एक खोच आहे. असा क्रमांक दिला की ‘ऑप्शन’ त्या डोंगलचे हाती लागतील ते सगळे भाग ताब्यात घेतो, डेटासाठी राखलेला भागसुद्धा. तो भाग खरे तर ‘क्यूएमआय_डब्ल्यूवॅन’ या ड्रायव्हरचा. मग पोर्ट दिसतात, पण डब्ल्यूवॅन० हे नेटवर्क उभे राहत नाही आणि नेट पुन्हा जुन्या डायल-अप मार्गानेच चालते. म्हणून ही युक्ती निदानापुरती ठेवा. पोर्ट आले याचा अर्थ एवढाच की तुमच्या कर्नलला या डोंगलचा क्रमांक माहीत नाही. नवे क्रमांक जवळजवळ प्रत्येक कर्नलमध्ये भरले जातात, त्यामुळे पक्का उपाय नवा कर्नल. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर असाल तर एचडब्ल्यूई नावाचा कर्नल बसवा. बाकी काही बदलावे लागत नाही.

पोर्ट आले आणि उघडताना परवानगी नाकारली गेली, तर स्वतःचे नाव ‘डायलआउट’ गटात घाला आणि एकदा लॉगआउट करा. ‘उपकरण व्यस्त आहे’ असे आले, तर एकाच पोर्टवर डब्ल्यूव्हीडायल हा डायल करणारा जुना प्रोग्राम आणि मोडेममॅनेजर दोघेही हक्क सांगत आहेत. एकच ठेवा. आमचे मत मोडेममॅनेजर ठेवावा असे आहे. डब्ल्यूव्हीडायल थ्रीजीच्या काळात उत्तम होता, फोरजीसाठी त्याचा उपयोग उरलेला नाही.

प्रश्न : दुकान कोगनोळी नाक्याजवळ आहे. सिम निपाणीत घेतलेले. फोनवर नेट ठीक असते, पण उबंटूवर डोंगलचे नेट दिवसातून कितीतरी वेळा तुटते आणि कधी कधी परत लागतच नाही. ड्रायव्हर बदलावा का? (कोगनोळी, ता. निपाणी)

उत्तर : ड्रायव्हरला हात लावू नका. हा तुमच्या गावाच्या जागेचा प्रश्न आहे. निपाणी तालुका दूरसंचाराच्या कर्नाटक मंडळात येतो आणि पलीकडचे कागल महाराष्ट्र-गोवा मंडळात. एकाच कंपनीचे असले तरी दोन मंडळांचे जाळे मोडेमला वेगळे दिसते, कारण क्रमांक वेगळे असतात. एअरटेलचा कर्नाटकात ४०४४५, महाराष्ट्रात ४०४९०. बीएसएनएलचा ४०४७१ आणि ४०४६६. जिओचा ४०५८६१ आणि ४०५८६४. शिनोळीकडे, कणकुंबीहून चोर्ला घाटाकडे उतरताना, कागवाडच्या पलीकडे, असे सगळीकडेच होते. कागलचा टॉवर जरा जोरात आला की मोडेम तिकडे जातो. मंडळ बदलले की डेटाचे सत्र सहसा तुटते आणि नवा पत्ता घ्यावा लागतो. फोन हे एवढ्या पटकन सावरतो की कळतही नाही. संगणकाला ते शिकवावे लागते.

खात्री करायची असेल तर नेट तुटल्यावर ‘एमएमसीएलआय -एम एनी’ द्या. ‘ऑपरेटर आयडी’ ही ओळ वरच्या क्रमांकांशी ताडून पाहा आणि ‘रजिस्ट्रेशन’पुढे ‘होम’ आहे की ‘रोमिंग’ ते बघा.

रोमिंग आले की नेट अजिबातच लागत नसेल, तर जोडणीच्या सेटिंगमध्ये रोमिंगला मनाई आहे. ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’, पुढे जोडणीचे नाव, पुढे ‘जीएसएम.होम-ओन्ली नो’. उबंटूच्या सेटिंगमध्ये हाच खटका ‘डेटा रोमिंग’ या नावाने असतो. कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडचे सिम घेऊन बेळगावात राहणाऱ्यांनी हे पहिल्यांदा पाहावे; त्यांचे सिम इथे कायम रोमिंगवर असू शकते.

‘परत लागतच नाही’ याचे कारण वेगळे. संगणकाच्या जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर सलग चार वेळा प्रयत्न करून थांबतो. त्याच आज्ञेत शेवटी ‘कनेक्शन.ऑटोकनेक्ट-रिट्राईज ०’ दिले की तो प्रयत्न सोडत नाही. शून्य म्हणजे इथे अमर्याद.

आता मूळ दुखणे. मोडेमला एकाच जाळ्यावर बांधून ठेवता येते: ‘जीएसएम.नेटवर्क-आयडी ४०४४५’, किंवा तुमच्या कंपनीचा असेल तो क्रमांक. दुकानातला संगणक जागचा हलत नाही, त्यामुळे हे तुम्हाला सोयीचे. लॅपटॉप घेऊन कोल्हापूरला जाणाऱ्याने मात्र करू नये. घाईत ते आठवत नाही आणि तिकडे रेंज असून नेट लागत नाही. बांधल्यावर वेग फारच पडला, तर तुमच्या जागी कर्नाटकचा टॉवर खरोखरच कमजोर आहे. डोंगल दोन मीटरच्या केबलवर घेऊन निपाणीच्या बाजूच्या खिडकीत ठेवून पाहा.

प्रश्न : दूध संस्थेच्या संगणकावर ‘कनेक्टेड’ दिसते पण एकही पान उघडत नाही. सिम फोनमध्ये चालते. (चिकोडी)

उत्तर : ‘कनेक्टेड’ म्हणजे शेवटच्या दोन पायऱ्या उरल्या. ‘पिंग १.१.१.१’ द्या. उत्तरे येत असतील आणि वेबसाइटच्या नावाने पिंग केल्यावर येत नसतील, तर फक्त डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सोय, बिघडली आहे. जोडणीच्या आयपीव्ही४ पानावर १.१.१.१ आणि ८.८.८.८ लिहून जोडणी बंद-चालू करा.

पहिलेच पिंग गप्प असेल तर संगणकाला आणखी एखादी केबल लावलेली आहे का ते आधी पाहा. संस्थांमध्ये कॅमेऱ्याचा डीव्हीआर किंवा वजनकाट्याचा संगणक नेटवर्क केबलने जोडलेला असतो. त्या केबलवर इंटरनेट नसते, पण नेटवर्कमॅनेजर तारेला पहिला मान देतो. तारेचे वजन १००, वायफायचे ६००, मोबाईल मोडेमचे ७००. ज्याचे वजन कमी त्या वाटेने सगळी वाहतूक जाते. ‘आयपी राउट’ दिल्यावर ‘डिफॉल्ट’ने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसल्या तर हेच झाले आहे. तारेच्या जोडणीत आयपीव्ही४च्या ‘राउट्स’मध्ये ‘ही जोडणी तिच्या स्वतःच्या नेटवर्कपुरतीच वापरा’ या अर्थाची चौकट असते, तिच्यावर खूण करा. डीव्हीआर चालू राहतो आणि नेटही येते.

केबल नसेल तर एपीएन, म्हणजे कंपनीच्या डेटा जाळ्यात शिरण्याचे नाव, तपासा. जोडणी करताना कंपन्यांची जी यादी समोर येते तिच्यातल्या काही नोंदी जुन्या झाल्या आहेत. ‘माझा प्लॅन यादीत नाही’ हा पर्याय घेऊन स्वतः लिहा: जिओसाठी जिओनेट, एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस.कॉम, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट. सगळे लहान अक्षरांत, मध्ये जागा नाही. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड रिकामे ठेवा. जिओचे जाळे आयपीव्ही६वर फार अवलंबून आहे, म्हणून आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही ‘ऑटोमॅटिक’ राहू द्या. वेग वाढेल म्हणून आयपीव्ही६ बंद करण्याचा सल्ला काहीजण देतात, तो इथे नेमका उलटा पडू शकतो.

प्रश्न : शाळेसाठी घेतलेला ई३३७२ डोंगल ‘मोबाईल ब्रॉडबँड’च्या यादीत येतच नाही, ‘वायर्ड’ म्हणून येतो. चुकीचा ड्रायव्हर लागला का? (नंदगड)

उत्तर : नाही, बरोबर तोच लागला आहे. तुमचा डोंगल हायलिंक प्रकारचा, म्हणजे आतच छोटा राउटर असलेला. संगणकाला तो नेटवर्क कार्ड दिसतो, ‘सीडीसी_ईथर’ ड्रायव्हर त्याला सांभाळतो आणि डायल करण्याचे काम डोंगल स्वतः करतो. एपीएन, पिन, रोमिंग हे सगळे लिनक्समध्ये शोधू नका. ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ हा पत्ता उघडा, तिथे मिळेल. जिओफाय केबलने जोडला तरी असेच होते. त्याचा पत्ता १९२.१६८.२२५.१.

एकाच संगणकाला असे दोन ई३३७२ लावू नका. दोघांचा आयपी पत्ता एकच, आणि बऱ्याचदा हार्डवेअरचा मॅक पत्ताही तोच असतो, त्यामुळे दोन्ही बिघडतात.

डोंगल आणखी घ्यायचे असतील तर डब्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक वाचा. ई३३७२एच-१५३ युरोपसाठी बनलेला. त्यात बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) १, ३, ७, ८, २० आहेत. जिओ ३, ५ आणि ४० वर चालते, म्हणजे तिघांपैकी एकच जुळतो, आणि खेड्यात लांबवर पोचणारा ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५ नेमका नाही. बीएसएनएलचे फोरजी बँड १ आणि २८ वर आहे. २८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, जंगल-डोंगरात सर्वांत उपयोगी. तो हवा असेल तर ई३३७२एच-६०७ पाहा, त्यात २८ आणि ४० दोन्ही आहेत. बँड जुळत नसेल तर जगातला कुठलाही ड्रायव्हर रेंज आणून देणार नाही.

प्रश्न : पावसाळ्यात डोंगल सारखा ‘गायब’ होतो. काढून लावला की चालतो. रेंज एकच काडी. (कणकुंबी, ता. खानापूर)

उत्तर : गायब होणे दोन प्रकारचे असते, ते आधी वेगळे करा. डोंगल गेल्यावर लगेच ‘सुडो डीएमईएसजी’ द्या आणि शेवटच्या ओळी वाचा. ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ किंवा ‘एरर -७१’, ‘एरर -११०’ दिसले तर डोंगलला वीज कमी पडते आहे किंवा केबल खराब आहे. यांतले काहीच नसेल तर डोंगल जागेवर आहे आणि रेंज गेली आहे.

कणकुंबीत बहुधा दोन्ही एकमेकांत गुंतलेले असणार. टॉवर लांब असला की मोडेम पूर्ण ताकदीने ओरडतो. फोरजीवर ही ताकद फार तर २०० मिलिवॅट असते. रेंज पडून मोडेम टूजीवर घसरला की ९०० मेगाहर्ट्झला ती २ वॅटपर्यंत जाते, तीही झटक्याझटक्याने. यूएसबी २ पोर्ट अधिकृतपणे ५०० मिलिॲम्पिअरच देतो. जुना लॅपटॉप, वर बिनअडॅप्टरचा हब, त्यावर माऊस आणि पेन ड्राइव्ह, अशा जोडणीत त्या एका झटक्याला व्होल्टेज खाली बसते, डोंगल रीसेट होतो, आणि परत आला की सीडी होऊन येतो.

म्हणून हब काढून टाका, किंवा स्वतःचा २ ॲम्पिअरचा अडॅप्टर असलेला हब घ्या. डोंगल थेट मागच्या पोर्टमध्ये लावा. केबल लागतच असेल तर जाड, दोन मीटरची. यूएसबी २ ची मर्यादा पाच मीटर असली तरी पातळ तारेत तीन मीटरलाच व्होल्टेज पडते. मोडेमला टूजीवर घसरू देऊ नका: ‘सुडो एमएमसीएलआय -एम एनी --सेट-अलाउड-मोड्स=४जी’. काही मोडेम ही आज्ञा मानत नाहीत, तेव्हा चूक दिसली तर सोडून द्या.

निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये डोंगल असेल तर काळ्यात घालून पाहा. यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि बँड ४० त्याला चिकटूनच, २.३ ते २.४ मध्ये आहे. शेजारच्या पोर्टला हार्ड डिस्क चालू झाली की रेंज पडते, ती यामुळे.

लॅपटॉपवर बॅटरी वाचवणारे टीएलपी असेल, तर ते शांत बसलेल्या यूएसबी वस्तूंना झोपवते. ‘/इटीसी/टीएलपी.कॉन्फ’मध्ये ‘यूएसबी_एक्सक्लूड_डब्ल्यूवॅन=१’ अशी ओळ घाला, पूर्ण मोठ्या अक्षरांत. ‘डब्ल्यूवॅन’ म्हणजे डब्ल्यू, डब्ल्यू, ए, एन.

डोंगल कुठे ठेवायचा हे काड्यांवरून ठरवू नका. ‘सुडो एमएमसीएलआय -एम एनी --सिग्नल-सेटअप=१०’ दिल्यावर दर दहा सेकंदांनी मोजणी होते आणि ‘--सिग्नल-गेट’ने आकडे दिसतात. आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०५ला काम चालते, उणे ११५च्या खाली तुटणारच. खिडक्या, माळा, ओसरी, सगळीकडे फिरवून पाहा आणि प्रत्येक जागी मिनिटभर थांबा. कणकुंबीच्या पावसात डोंगल उघड्यावर मात्र नको. कौलांखाली कोरड्या जागी, केबलच्या टोकाला, पत्र्यापासून आणि लोखंडी गजांपासून लांब.

प्रश्न : जुन्या बाजारातून थिंकपॅड घेतला, आत सिएरा ईएम७४५५ मोडेम आहे. मोडेममॅनेजरला तो दिसतो, सिम दिसते, पण चालू करायला गेले की नकार येतो. (बेळगाव)

उत्तर : लॅपटॉपमधल्या अशा मोडेमांवर एफसीसी (अमेरिकेचा दूरसंचार नियामक) या नावाचे कुलूप असते. योग्य लॅपटॉपमध्ये बसलेला आहे याची खातरजमा झाल्याशिवाय तो रेडिओ चालू करत नाही. पूर्वी मोडेममॅनेजर हे कुलूप आपोआप काढायचा, १.१८.४ या आवृत्तीपासून ते वापरणाऱ्याने मुद्दाम सुरू करावे लागते. कुलूप काढणाऱ्या लिपी (स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या छोट्या फायली) ‘/यूएसआर/शेअर/मोडेममॅनेजर/एफसीसी-अनलॉक.अव्हेलेबल.डी’मध्ये आलेल्या असतात. लेनोवोच्या या कार्डाचा क्रमांक ११९९:९०७९, त्याच नावाची फाइल तिथे सापडेल. तिचा दुवा ‘/इटीसी/मोडेममॅनेजर/एफसीसी-अनलॉक.डी’मध्ये करा: ‘सुडो एलएन -एस’, पुढे पूर्ण मार्गासह पहिली फाइल, पुढे दुसरा फोल्डर. दोन्ही मार्गांत मोडेममॅनेजरचे दोन्ही एम मोठे. सोबत ‘लिबक्यूएमआय-युटिल्स’ पॅकेज हवेच, कारण लिपी त्यातल्याच साधनाने बोलते. मग मोडेममॅनेजर पुन्हा चालू करा.

त्याआधी ‘आरएफकिल लिस्ट’मध्ये वायरलेस वॅन बंद दाखवत नाही ना, हे पाहा. आणि रेंज शून्य असेल तर मागचे झाकण उघडा. नुसत्या वायफायचा लॅपटॉप असेल तर मोबाईलच्या अँटेनाच्या तारा आत घातलेल्याच नसतात, आणि कार्ड कोणीतरी नंतर बसवलेले असते. ईएम७४५५ मध्ये बँड ३ आणि ५ आहेत, म्हणून जिओ ठीक चालते. ८, २८ आणि ४० नाहीत.

प्रश्न : कपाटात टाटा फोटॉन आणि एअरटेलचा थ्रीजी डोंगल पडून आहेत. लिनक्सवर चालतील का? (अथणी)

उत्तर : फोटॉन सीडीएमए या जुन्या पद्धतीच्या जाळ्याचा. लिनक्स त्याला आजही ओळखेल, पण देशात ते जाळेच उरलेले नाही. ई-कचऱ्यात द्या. एअरटेलने २०२०पर्यंत थ्रीजी बंद केले, त्यामुळे दुसरा डोंगल एअरटेलच्या सिमवर फक्त टूजी देईल. एसएमएस पाठवण्यापुरता तो उपयोगी आहे. जिओचे सिम त्यात कधीच चालणार नाही, कारण जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच. दुसऱ्या कंपनीचे सिम घालण्यापूर्वी तो मूळ कंपनीला कुलूपबंद आहे का, हे पिकोकॉम या टर्मिनलमधल्या प्रोग्रामने पोर्ट उघडून तपासता येते. हुआवेचा असेल तर ‘एटी^कार्डलॉक?’ पूर्ण मोठ्या अक्षरांत द्या. उत्तरातला पहिला आकडा १ असेल तर कुलूप आहे, २ असेल तर नाही.

प्रश्न : मोडेमपुढे ‘लॉक्ड’ असे येते. (गोकाक)

उत्तर : सिमला पिन आहे. ‘एमएमसीएलआय -आय ०’, पुढे ‘--पिन=’ आणि तुमचा पिन, पुढे ‘--डिसेबल-पिन’. पिन नक्की आठवत नसेल तर अंदाजाने टाकू नका. तीन चुकांनंतर सिम आठ आकडी पीयूके (सिम उघडण्याचा राखीव क्रमांक) मागते, आणि तो दहा वेळा चुकला की सिम कायमचे बाद होते. पीयूके सिमच्या मूळ कार्डावर छापलेला असतो. ते कार्ड हरवले असेल तर ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जा. ज्याच्या नावावर सिम आहे त्यानेच जायला हवे.